सोय कोणाची?

‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण आपण नेहमीं नाचणाराच्या विरुद्ध वापरतों. दोष सर्वस्वीं त्याचा आणि अंगण मात्र निर्दोष, असें तींत गृहीत धरलेलें असतें. परंतु अंगणहि मनुष्यानेंच केलेलें असतें. तें कधीं खरोखरच वांकडें असूं शकेल, आणि तसें असल्यास तें सरळ करण्याचें काम नाचणाराचें नसून अंगण करणाराचें आहे, हा विचार म्हणीच्या कर्त्यास सुचलेला दिसत नाहीं. आज संगणकाच्या पडद्यासमोर बसून ज्याला आपलाच अर्ज भरतां येत नाहीं असा शेतकरी ‘आम्हां अडाण्यांस हें कोठून जमणार?’ असें म्हणतो, तेव्हां तो त्याच म्हणीचा निकाल स्वतःविरुद्ध देत असतो.

मनुष्य व यंत्र ह्यांची जेथें गांठ पडते तो कळफलक व तो पडदा सोपा आणि सुखकर कशानें होतो, ह्याचा विचार करणारें एक स्वतंत्र शास्त्रच अलीकडे उदयास आलें आहे. त्या शास्त्राचे नियम येथें सांगावे असा आमचा हेतु नाहीं. आम्ही इतिहासाचे अभ्यासक आहों; आणि इतिहासाकडे पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाहीं. बोरू, छापखान्यांतील खिळा, टंकलेखनयंत्र व संगणक ह्या चारहि साधनांच्या काळीं मराठी माणसानें तो आपापल्या परीनें सोडविला. मात्र प्रत्येक वेळीं सोपेपणाची चर्चा पुष्कळ झाली, तरी एक पोटप्रश्न विचारावयाचा राहून गेला. सोय झाली खरी, पण ती कोणाची?

आरंभ आमच्या वऱ्हाडापासूनच करूं. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर हें महानुभावांचें क्षेत्र आहे. श्रीचक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें संकलित केल्या, आणि लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य महाग्रंथ सिद्ध झाला. धर्मज्ञान संस्कृतांत न ठेवतां लोकांच्या बोलींत सांगावयाचें, हा त्या पंथाचा आग्रह म्हणजे श्रोत्याची सोय पाहण्याचाच एक प्रकार होता. परंतु पुढें ह्याच पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवण्यास प्रारंभ केला. सकळ लिपीचें कर्तृत्व परंपरा रवळोव्यासांकडे देते. तिच्यांतील युक्ति साधी होती. एका अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरेंच चिन्ह योजावयाचें. ज्याला संकेत ठाऊक त्याला ती घडघडां वाचतां येई. ज्याला ठाऊक नाहीं त्याच्यापुढें अक्षरें असूनहि अर्थ नसे. हेतु आपल्या ग्रंथांचें रक्षण करण्याचा होता व तो सफळहि झाला. परंतु त्याची किंमत अशी पडली कीं, मराठीचें हें धन शतकानुशतकें बाहेरच्या मराठी वाचकांच्या दृष्टीआड राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं त्या लिपीचा उलगडा केला, व यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे ह्यांच्यासारख्या संशोधकांनीं पुढें परिश्रम केले, तेव्हां कोठें तें प्रकाशांत आलें. ह्यावरून पहिला धडा मिळतो तो असा कीं, सोपेपणा हा वस्तूच्या अंगचा गुण नव्हे. तें वस्तु आणि मनुष्य ह्यांच्यामधील नातें आहे. एकच पान एकाला उघडा दरवाजा असतें व दुसऱ्याला भिंत असतें.

महानुभावांनीं जें हेतुपुरस्सर केलें, तें मोडीनें नकळत केलें. मोडी ही लेखकाच्या सोयीची लिपी होय. पानावर आधीं आडव्या रेघा ओढून घ्याव्या आणि मग हात शक्य तों न उचलतां बोरू धांवत न्यावा, अशी तिची रीत. इकार-उकारांचे ह्रस्वदीर्घ भेद तिनें पाळले नाहींत, कारण त्यांत वेळ जातो. दिवसाकांठीं पत्रांचा व हिशेबांचा ढीग उपसणाऱ्या कारकुनाला ह्याहून उत्तम साधन मिळणें कठीण होतें. परंतु जो वेळ लिहिणाराचा वांचला तो वाचणाराच्या खात्यावर नांवें पडला. संदर्भ ठाऊक नसेल तर मोडीचा शब्द लावतां लावतां पुरेवाट होते. उलट पोथ्या ज्या नागरी लिपींत लिहिल्या जात तिला आपण बालबोध म्हणतों. हें नांवच बोलकें आहे. ज्यायोगें बालकासहि बोध व्हावा ती बालबोध. म्हणजे लिहिणारानें सावकाश व कष्टानें लिहावें, पण वाचणारास अडचण पडूं नये. एकाच समाजानें दफ्तरासाठीं एक व पोथीसाठीं दुसरी लिपी ठेवावी ह्यांत मोठें शहाणपण होतें. दफ्तरांतील कागद चारदोन माणसें वाचणार, पोथी पिढ्यान् पिढ्या वाचली जाणार.

छापण्याची कला आली तेव्हां ह्या दोहोंत निवड करण्याचा प्रसंग आला. विल्यम केरी ह्यांनीं श्रीरामपूर येथें १८०५ सालीं मराठी व्याकरण छापलें तें नागरींत; परंतु १८१० सालचा त्यांचा मराठी कोश मोडी खिळ्यांनीं छापलेला आहे. पुढें १८३१ सालीं मोल्सवर्थ ह्यांचा कोश निघाला तो बालबोधांत, आणि छापील मराठीचा मार्ग तोच ठरला. ह्याचें कारण उघड आहे. खिळे जुळवून छापावयाचें म्हटल्यावर ‘हात उचलावा लागत नाहीं’ हा मोडीचा मुख्य गुण निरर्थक झाला. एकदां जुळविलेला मजकूर हजारों लोक वाचणार. तेव्हां वाचकाच्या सोयीचें पारडें आपोआप जड झालें. १९१७ सालीं मुंबई इलाख्याच्या सरकारनेंहि कारभारासाठीं मोडीऐवजीं बालबोधाचा स्वीकार केला. तथापि लेखकाच्या सोयीचें जुनें देणें अजून फिटलेलें नाहीं. २०२३ सालीं जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, त्या वेळीं दफ्तरें समोर असून तीं वाचणारीं माणसें शोधावीं लागलीं. ज्या कारकुनानें ती नोंद झरझर लिहिली त्याचा अर्धा क्षण वांचला होता. त्याचें व्याज शंभर वर्षांनीं कोणा भलत्याच गृहस्थानें भरलें.

लेखक व वाचक ह्यांच्यानंतर सोय मागावयास तिसरा पक्षकार उभा राहिला. तो म्हणजे यंत्र. इंग्रजीचें काम सव्वीस अक्षरांच्या लहानमोठ्या रूपांत भागतें. आपल्या लिपींत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरें ह्यांच्यामुळें खिळ्यांची संख्या कित्येक शेंकड्यांवर जाते. जावजी दादाजी ह्यांच्या निर्णयसागर छापखान्यानें हा सारा पसारा संभाळून अत्यंत देखणीं पुस्तकें काढलीं, हा मराठी कारागिरीचा गौरव आहे. परंतु जुळारीचें श्रम व खर्च ह्यांची काळजी वृत्तपत्र चालविणारांस लागून राहिली. खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटींत लोकमान्य टिळकांनींहि लक्ष घातलें होतें. टंकलेखनयंत्र आल्यावर तर अडचण अधिकच तीव्र झाली. शोल्स ह्या अमेरिकन गृहस्थांनीं १८६८ सालीं ज्याचा हक्क नोंदविला, त्या यंत्राचा पुढें रूढ झालेला सांचा चारपांच दशक कळांचा. त्यांत नागरीचा संसार कसा मावावा? तेव्हां लिपीच यंत्राच्या मापानें बेतावी, असा विचार पुढें आला. सावरकरांनीं इ, ई, उ ह्या स्वतंत्र स्वरचिन्हांऐवजीं ‘अि, अी, अु’ अशी अ-ची बाराखडी पुरस्कारिली. १९५३ सालीं लखनौ येथें भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेनें ह्रस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे द्यावी अशी शिफारस केली. थोड्याच वर्षांत ती सोडून द्यावी लागली.

ह्या सुधारकांची तळमळ खरी होती आणि त्यांची अडचणहि खरी होती. परंतु कोट्यवधि वाचकांच्या डोळ्यांची संवय मोडून कांहीं हजार यंत्रांची सोय पाहावयाची, हा व्यवहार लोकांस मानवला नाहीं. आणि काळानें लोकांचाच निर्णय बरोबर ठरविला. पुढें अवघ्या तीसचाळीस वर्षांत असें यंत्र आलें कीं ज्याला काना-मात्रा व जोडाक्षरें ह्यांचें ओझेंच वाटत नाहीं. यंत्राची अडचण चार दिवसांची होती. तिच्यासाठीं लिपीस कायमची मुरड घातली असती तर ती मुरड मात्र राहिली असती.

टंकलेखनयंत्रावरचा मराठी कळफलक कसा होता, हें नव्या वाचकांस ठाऊक नसण्याचा संभव आहे. रेमिंग्टन पद्धतीच्या त्या फलकावर अक्षराचा उच्चार विचारांत घेतलेला नव्हता, त्याचा आकार घेतला होता. ‘किती’ हा शब्द उमटवावयाचा तर प्रथम वेलांटी, मग क, मग त, मग दुसरी वेलांटी, असा क्रम. तोंडानें क आधीं व इकार मागून. बोटांनीं मात्र इकार आधीं व क मागून. ‘ण’ हवा असेल तर अर्धा ण् मारून त्याला काना जोडावयाचा. म्हणजे मनांतला शब्द बोटांपर्यंत पोंचण्यापूर्वीं त्याचे चित्राप्रमाणें तुकडे करावे लागत. तरीहि मिनिटास तीस मराठी शब्दांचें प्रमाणपत्र मिळवून हजारों तरुण-तरुणींनीं ह्या फलकावर आपला संसार उभा केला. संवयीचें सामर्थ्य हें असें असतें. वांकड्या अंगणांतहि मनुष्य नाचूं शकतो. मात्र शिकण्याचे कष्ट तो भरतो, अंगण करणारा भरीत नाहीं.

संगणकासाठीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं जो ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक ठरविला, व ज्याला १९९१ सालीं भारतीय मानकांत स्थान मिळालें, त्याची रचना मात्र अगदीं निराळ्या तत्त्वावर आहे. तींत आकार सोडून उच्चार धरला आहे. स्वर डाव्या हाताखालीं व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताखालीं आहेत. डावीकडे मधल्या ओळींत ह्रस्व इकार-उकार आणि त्यांच्या लगत वर त्यांचेंच दीर्घ रूप. उजवीकडे मधल्या ओळींत प, क, त, च, ट, म्हणजे पांचहि वर्गांतील पहिलें अक्षर. त्याच्या वरच्या ओळींत ब, ग, द, ज, ड, म्हणजे त्याच वर्गांतील तिसरें. दुसरी एक कळ दाबून धरली कीं पहिल्याचें दुसरें व तिसऱ्याचें चौथें होतें. क-चा ख, ग-चा घ. पहिलीच्या वर्गांत गुरुजींनीं घोकून घेतलेली वर्णमाला जणूं फलकावर पसरून ठेवली आहे. प्राचीन वैयाकरणांनीं वर्णांची मांडणी मुखांतील स्थानांवरून केली. तीच मांडणी अडीच हजार वर्षांनंतर दहा बोटांना वाट दाखवीत आहे. नवें साधन सोपें कसें होतें ह्याचा ह्याहून चांगला दाखला आम्हांस आढळला नाहीं. जें ज्ञान शिकणाराच्या मनांत आधींच आहे त्यावर नव्याची उभारणी केली म्हणजे तें साधन सोपें होतें.

असें असतां हा फलक घरोघर कां गेला नाहीं? ह्याचेंहि उत्तर संवयींतच आहे. ज्यांचीं बोटें रेमिंग्टनवर तयार झालीं होतीं त्यांना तो परका, आणि ज्यांनीं संगणक प्रथम इंग्रजींतून हाताळला त्यांनाहि तो परकाच. अमेरिकेंत ड्वोरॅक ह्यांनीं १९३६ सालीं इंग्रजीसाठीं अधिक सुटसुटीत म्हणून जो फलक योजला त्याची गतहि अशीच झाली. दरम्यान आपल्याकडे आणखी एक गोंधळ माजला. अक्षरांचे सांचे तयार करणाऱ्या प्रत्येक कारखानदारानें आपला संकेत वेगळा ठेवला. एका कचेरींत शुद्ध मराठींत लिहिलेलें पत्र दुसऱ्या कचेरीच्या संगणकावर उघडलें कीं पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. सकळ लिपीचाच हा नवा अवतार. फरक इतकाच कीं रिद्धपूरच्या महंतांना काय लपवावयाचें हें माहीत होतें. युनिकोड हा सर्वांचा समान संकेत प्रचारांत आल्यावर हा अंधार बराचसा निवळला.

आतां बहुसंख्य लोक काय करतात? ते रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहितात आणि यंत्र त्याचें नागरी करून देतें. तरुणांस हें अतिशय सोपें वाटतें व तें स्वाभाविक आहे. पण येथेंच आमचा प्रश्न पुन्हां विचारला पाहिजे. अमरावतीजवळच्या भातकुली ह्या तालुक्याच्या गांवाचेंच नांव घ्या. खारपाणपट्ट्यांतील हें गांव जैनांचें तीर्थक्षेत्र म्हणूनहि प्रसिद्ध आहे. त्याचें रोमन लेखन यंत्रापुढें ठेवलें तर त्यांतून भातकुली निघेल, भाटकुली निघेल, भटकुली निघेल, आणि भातकुळीहि निघेल. कारण त आणि ट, ल आणि ळ, अ आणि आ हे भेद ती लिपी साध्या लेखनांत दाखवीतच नाहीं. यंत्र ज्याचा पुकारा अधिक त्याला निवडतें. गांवाचें नांव सुप्रसिद्ध असल्यानें तें वांचेल. पण त्याच तालुक्यांतील एखाद्या काळे नांवाच्या शेतकऱ्याचा ‘काले’ झाला, तर सातबाऱ्यावर एक नांव, बँकेच्या पुस्तकांत दुसरें व ओळखपत्रावर तिसरें, अशी स्थिति होते, आणि एका अक्षरासाठीं त्याचें अनुदान अडतें. टंकन करणाराचे दोन क्षण वांचतात. त्याचे हेलपाटे शेतकऱ्याच्या पायांत येतात. मोडीच्या कारकुनाचाच हिशेब येथें नव्या वहींत मांडलेला आहे.

बोललेलें लिहून घेणारीं यंत्रें आलीं आहेत, त्यांच्याविषयीं आम्हांस मोठी आशा वाटते. ह्याच भातकुली तालुक्यांत पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन येथें गाडगे महाराजांनीं आपल्या लोकसेवेचा आरंभ केला. त्या पुरुषास अक्षरओळख नव्हती. तरी लोकांस विद्येची वाट दाखविणारा त्याच्यासारखा दुसरा विरळा. त्यांची कीर्तनाची रीत म्हणजे श्रोत्यास त्याच्याच बोलींत प्रश्न विचारावयाचा व उत्तर त्याच्याच तोंडून काढावयाचें. लेखणी हातीं न धरलेल्या अशा मनुष्याचें म्हणणें यंत्रानें टिपून घ्यावें, ह्याहून मोठी सोय कोणती? परंतु यंत्राला मराठी शिकवितांना ती कोणाची शिकविली, हें पाहिलें पाहिजे. वऱ्हाडी माणूस डोळ्याला ‘डोया’ म्हणतो व काळ्याला ‘काया’ म्हणतो. ही त्याची चूक नव्हे. ती त्याची भाषा आहे. शहरी प्रमाणभाषेवर पोसलेलें यंत्र जर त्याच्या काळ्या मातीची ‘काया’ करून ठेवील, तर अंगण पुन्हां वांकडेंच राहिलें म्हणावयाचें.

सोपेपणाबरोबर सुखाचाहि विचार केला पाहिजे, कारण जें नुसतें सोपें आहे तें आवडेलच असें नाहीं. हिंदी वळणाचे ल व श मराठी मजकुरांत दिसले कीं वाचन अडत नाहीं, पण डोळ्यांत खुपतें. ह्याकरितां महाराष्ट्र शासनास २००९ सालीं मराठीच्या अक्षररूपांविषयीं निर्णय काढावा लागला. दुसरें सुख म्हणजे चुकीची भीति नसणें. जुने पोथीलेखक चुकलेल्या अक्षरावर पिंवळा हरताळ लावून त्यावर पुन्हां लिहीत. ‘हरताळ फासणें’ हा शब्दप्रयोग आज आपण नासाडीच्या अर्थानें वापरतों. पण मुळांत ती दुरुस्तीची सोय होती. संगणकावर लिहितांना एक कळ दाबून मागचें पाऊल परत घेतां येतें, हा त्या हरताळाचाच वारसा होय, आणि नवशिक्यास धीर देणारी त्याच्यासारखी दुसरी गोष्ट नाहीं. असें असतां ज्या अर्जावर मनुष्याचें पोट अवलंबून आहे, तोच एकदां पाठविल्यावर दुरुस्त करतां येऊं नये, असें पुष्कळ ठिकाणीं आढळतें. पोथी लिहिणारास जी क्षमा होती ती अर्जदारास नसावी, ह्याला सुधारणा कसें म्हणावें?

सारांश, बोरूपासून पडद्यापर्यंत साधनें बदललीं तरी एक आकृति वारंवार दिसते. साधनाची सोय बहुधा जो तें चालवितो त्याच्या वांट्यास येते, आणि गैरसोय ज्याचें काम अडलेलें असतें त्याच्या. पूर्वीं पटवारी लिही व कुणबी अंगठा देई. पुढें कचेरीबाहेरचा अर्जनवीस लिहूं लागला. आज संगणक चालविणारा लिहितो आणि पडदा त्याच्याकडे तोंड करून असतो. अर्जदार अजूनहि पाठीमागेंच उभा आहे. म्हणून नवें यंत्र किंवा नवी योजना सुलभ झाली आहे कीं नाहीं, ह्याची परीक्षा पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत होणार नाहीं. ती भातकुलीसारख्या गांवीं, मध्यस्थास बाजूस सारून, अर्जदारास खुर्चीवर बसवून घेतली पाहिजे. तो अडखळला तर त्याला म्हण ऐकविण्यापूर्वीं अंगणाला ओळंबा लावून पाहावा. मराठीनें आपली पोथी वाचणाऱ्या बालकाची सोय एके काळीं इतकी मनावर घेतली होती कीं लिपीचें नांवच तिनें त्यावरून ठेवलें. त्या नांवाला जागणें अवघड असेल, पण अशक्य खचित नाहीं.